वाचून दाखवणे वेगळे, हाताळू देणे वेगळे

या सदराकडे अलीकडे आलेल्या पत्रांत एक गोंधळ वारंवार दिसला. मजकूर मोठ्याने वाचून दाखवणारी साधने, म्हणजे ज्यांना ‘टेक्स्ट टू स्पीच’ म्हणतात ती, आणि दृष्टिहीन व्यक्ती वापरतात तो ‘स्क्रीन रीडर’, ही एकाच वस्तूची दोन नावे आहेत असे अनेकांनी गृहीत धरलेले आहे. त्या गृहीतापायी कुणाचा वेळ वाया गेला आहे, कुणाचा फोन अडून बसला आहे, तर एका संस्थेचा खर्चही झाला आहे. म्हणून या वेळी त्याच विषयावरची सात पत्रे एकत्र घेतली आहेत.

प्रश्न : माझ्या फोनवर बातम्या वाचून दाखवणारे एक अॅप आहे आणि ते मला फार आवडते. माझा एक दृष्टिहीन मित्र मात्र ‘स्क्रीन रीडर’ वापरतो आणि माझे अॅप त्याच्या फारसे उपयोगाचे नाही असे म्हणतो. दोन्ही साधने मजकूर मोठ्यानेच वाचतात, मग फरक खरोखर कामाचा आहे की नुसता नावाचा?

उत्तर : आवाज हा या दोहोंतला समान भाग आहे आणि नेमका तोच फसवा आहे, कारण शेजारी बसलेल्या माणसाला आवाजाखेरीज दुसरे काही जाणवत नाही. तुमचा मित्र परीक्षेचा अर्ज ऑनलाइन भरतो आहे, असे समजू या. तुमचे अॅप त्या पानावरचा मजकूर उचलेल आणि ‘नाव जन्मतारीख पत्ता मी अटी वाचल्या आहेत पुढे जा’ अशी शब्दांची माळ ओवून थांबेल. स्क्रीन रीडर त्याच पानावर ‘नाव, मजकुराचा रकाना, आवश्यक, रिकामा’ असे सांगेल, नाव टाइप होत असताना प्रत्येक अक्षर उच्चारेल, टॅबची कळ दाबताच पुढचा रकाना कोणता ते सांगेल आणि अटींच्या चौकटीपाशी पोहोचल्यावर ‘खूण केलेली नाही’ हेही कळवेल. स्पेसबार दाबला की ‘खूण केली’ असे ऐकू येईल. रकान्यांची नावे सोडली तर यांतला एकही शब्द त्या पानावर छापलेला नाही. तो पानावरच्या वस्तूंचा प्रकार आणि त्यांची त्या क्षणाची अवस्था आहे, जी डोळस माणूस एका नजरेत टिपतो आणि टिपल्याचे विसरूनही जातो.

तुमचे अॅप एक गोष्ट न बोलता गृहीत धरते. फोन उघडणे, अॅप शोधणे, हवी ती बातमी निवडणे आणि वाचन सुरू करणे ही सगळी कामे कोणीतरी डोळ्यांनी पाहून करणार आहे, असे ते मानते आणि त्यानंतरच त्याचे काम सुरू होते. स्क्रीन रीडरचे काम यंत्र सुरू झाल्यापासूनच चालू असते. संकेतशब्द टाकण्याची चौकट, मेन्यू, सूचना, चुकांचे निरोप, बॅटरी किती उरली आहे याची माहिती, हे सारे त्याच्या कक्षेत येते. एक साधन मजकूर ऐकवते आणि दुसरे यंत्र हाताळू देते, हा फरक मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो.

हा फरक केवळ प्रमाणाचा नाही, हे पटवण्यासाठी दोन टोकाची उदाहरणे पुरेशी आहेत. पाहता आणि ऐकताही न येणारी व्यक्ती स्क्रीन रीडर वापरते तेव्हा त्याचा आवाज पूर्ण बंद असतो. तोच स्क्रीन रीडर संगणकाला जोडलेल्या ब्रेल पट्टीवरच्या बारीक खुंट्या वरखाली करतो आणि ती व्यक्ती बोटांनी वाचते. म्हणजे मुका स्क्रीन रीडरही पूर्णपणे स्क्रीन रीडरच असतो. उलट स्टीफन हॉकिंग यांना दिसत होते, परंतु बोलता येत नव्हते. ते निवडत त्या शब्दांना यंत्र आवाज देत असे. तेथे मजकुराचे बोलणे होते, पण स्क्रीन रीडरचा संबंध नव्हता. ज्या दोन गोष्टी एकमेकींवाचून नांदू शकतात, त्यांना एक कसे म्हणावे?

दोघांचे मूळही निराळे आहे. रे कर्झवाईल यांनी १९७६ साली जगापुढे आणलेले वाचनयंत्र छापील पान काचेवर ठेवले की ते टिपून मोठ्याने वाचत असे. पुस्तक वाचता यावे एवढाच त्याचा हेतू होता आणि आजची वाचून दाखवणारी साधने त्याच कुळातली आहेत. स्क्रीन रीडर जन्मला तो संगणकावर नोकरी करता यावी या गरजेतून. आयबीएममधील जिम थॅचर यांनी १९८०च्या दशकात डॉस या जुन्या, मुख्यतः अक्षरेच दाखवणाऱ्या कार्यप्रणालीवर चालणारा स्क्रीन रीडर घडवला. १९८९ साली टेड हेंटर यांच्या कंपनीचा ‘जॉज’ हा स्क्रीन रीडर आला आणि त्या नावाचे पूर्ण रूपच मुळी ‘जॉब अॅक्सेस विथ स्पीच’ असे आहे. डॉसच्या काळात पडद्यावरची अक्षरे स्मृतीत अक्षरे म्हणूनच साठवलेली असत, त्यामुळे ती उचलून बोलणे तुलनेने सोपे होते. चित्ररूप खिडक्या आणि माऊस आले तेव्हा पडदा हा नुसत्या रंगीत ठिपक्यांचा पट झाला आणि कोणता ठिपका बटणाचा व कोणता अक्षराचा हे ओळखणे हाच मोठा प्रश्न होऊन बसला.

त्यावर निघालेला तोडगा आजही चालतो. कार्यप्रणाली आणि ब्राउझर हे डोळ्यांना दिसणाऱ्या मांडणीबरोबर पानाची आणखी एक रचना तयार ठेवतात, जिच्यात प्रत्येक वस्तूचे नाव, तिचा प्रकार, तिची अवस्था आणि तिचे इतरांशी नाते नोंदलेले असते. स्क्रीन रीडर ही रचना वाचतो आणि तिच्यातून वाट काढण्याच्या कळा आपल्या हाती देतो. एनव्हीडीए या दुसऱ्या स्क्रीन रीडरमध्ये किंवा जॉजमध्ये एच दाबले की पुढचा मथळा, टी दाबले की पुढचा तक्ता, बी दाबले की पुढचे बटण येते. डोळस वाचक वर्तमानपत्रावरून नजर फिरवून हवी ती बातमी गाठतो, तीच चाळण्याची क्रिया या कळांनी होते. एखाद्याने पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत वर्तमानपत्र वाचून दाखवावे आणि आपण निमूट ऐकावे, अशी सक्ती तुमच्यावर झाली तर ती तुम्हाला किती दिवस सोसेल, याचा विचार करा. मित्राची तक्रार तीच आहे.

प्रश्न : आमच्या संस्थेने संकेतस्थळ सर्वांना वापरता यावे म्हणून प्रत्येक पानावर ‘हे पान ऐका’ असे बटण बसवून घेतले आणि त्यासाठी बराच खर्च केला. तरीही एका दृष्टिहीन सभासदाने संकेतस्थळ वापरता येत नसल्याचे लेखी कळवले आहे. ही तक्रार आम्हाला अन्यायाची वाटते.

उत्तर : तक्रार अन्यायाची नाही. ते बटण न पाहणाऱ्या माणसाने शोधायचे कसे, एवढा एकच प्रश्न बटण बसवण्याआधी विचारला असता तर खर्च वाचला असता. ज्याला बटण सापडते त्याच्याकडे स्क्रीन रीडर आधीच बोलत असतो, म्हणजे त्याला तुमच्या आवाजाची गरज उरत नाही. आणि ज्याच्याकडे स्क्रीन रीडर नाही त्याला बटण सापडत नाही. शिवाय त्याने ते दाबलेच, तर दोन आवाज एकाच वेळी बोलू लागतात. त्या गलबल्यात वाचन थांबवण्याचे बटण कोठे आहे हे सांगणाराही त्याच दोन आवाजांपैकी एक असतो. पान उघडताच आपोआप वाचन सुरू होत असेल तर अडचण आणखी वाढते. म्हणूनच डब्ल्यूसीएजी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वांत असा दंडक आहे की, आपोआप सुरू होऊन तीन सेकंदांहून अधिक चालणारा आवाज थांबवण्याची किंवा त्याची पातळी स्वतंत्रपणे कमी करण्याची सोय असली पाहिजे.

ही तत्त्वे पहिल्यांदा १९९९ साली प्रसिद्ध झाली आणि त्यांची २.२ ही आवृत्ती २०२३च्या ऑक्टोबरात आली. सर्वसाधारणपणे ज्यांचे पालन अपेक्षिले जाते त्या ‘ए’ आणि ‘डबल ए’ या पातळ्यांवर, पानाने स्वतः बोलावे अशी अट कोठेही नाही. अटी आहेत त्या रचनेच्या. चित्राला त्याचा आशय सांगणारा पर्यायी मजकूर हवा. मथळा हा केवळ ठळक आणि मोठा दिसून भागत नाही, तो मथळा म्हणून नोंदलेला असावा लागतो. अर्जातल्या रकान्याला त्याचे नाव जोडलेले हवे. सर्व कामे माऊसशिवाय, केवळ कळफलकाने करता यायला हवीत. या चार गोष्टी पाळल्या की वाचकाच्या स्वतःच्या यंत्रातला, त्याच्या सवयीचा आवाज तुमचे पान आपोआप बोलू लागतो.

मी तुमच्या जागी असतो तर उद्या सकाळी पुढील प्रयोग केला असता. एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर विनामूल्य आहे. मायकेल करन या ऑस्ट्रेलियातील दृष्टिहीन तरुणाने २००६ साली त्याचे काम सुरू केले आणि आज तो जगभर वापरला जातो. तो संगणकावर घ्या, माऊस बाजूला ठेवा आणि तुमच्याच संकेतस्थळावरून सभासदत्वाचे नूतनीकरण करून पाहा. ऐकण्याची सवय नसेल तर त्यातच ‘स्पीच व्ह्यूअर’ नावाची खिडकी आहे, जिच्यात तो काय बोलतो ते लिहून येते. ‘बटण, बटण, बटण’ असे नुसते तीनदा आले, तर त्या तीन चित्रांना नावेच दिलेली नाहीत असे समजावे. एखाद्या चित्राच्या जागी फाइलचे लांबलचक नाव आकड्यांसकट वाचले गेले तर पर्यायी मजकूर राहून गेलेला आहे. केवळ शोभेच्या चित्राला मात्र रिकामा पर्यायी मजकूर द्यावा, म्हणजे स्क्रीन रीडर ते मुकाट्याने ओलांडतो. प्रत्येक वेलबुट्टीचे वर्णन ऐकत बसण्याची हौस कोणालाही नसते.

एक सावधगिरी मात्र बाळगावी. पहिल्यांदाच स्क्रीन रीडर ऐकणारा डोळस माणूस गोंधळून जातो आणि दोष पानाचा की स्वतःच्या नवखेपणाचा हे त्याला उमगत नाही. म्हणून प्राथमिक दोष स्वतः काढावेत आणि नंतर स्क्रीन रीडर रोज वापरणाऱ्या व्यक्तीकडून, रीतसर मोबदला देऊन, तपासणी करून घ्यावी. तक्रार करणारे सभासद हेच ते काम करू शकतील, असे मला वाटते.

आणि ते बटण? काढून टाकण्याची घाई करू नका. ज्यांना दिसते पण वाचणे कष्टाचे जाते, भाषा बोलता येते पण लिपी सरावाची नाही, किंवा ज्यांचे डोळे दिवसअखेर थकतात, त्यांना ते उपयोगी पडेल. फक्त ते दाबल्याशिवाय बोलणार नाही याची काळजी घ्या आणि अहवालात त्याच्यापुढे ‘दृष्टिहीनांसाठी’ असे लिहू नका.

प्रश्न : आमच्या अकरा वर्षांच्या मुलाला डिस्लेक्सिया असल्याचे निदान झाले आहे. त्याला स्क्रीन रीडर शिकवावा, असे एका नातेवाइकाने सुचवले. शिकवावा का?

उत्तर : त्याला स्क्रीन रीडर नको आहे, मजकूर वाचून दाखवणारे साधन हवे आहे. तुमच्या मुलाला पडदा दिसतो, माऊस चालवता येतो, बटण कोठे आहे हे कळते. त्याची अडचण अक्षरांची शब्दांशी आणि शब्दांची आवाजाशी जोडणी लावण्यात आहे. स्क्रीन रीडर त्याला जे आधीच दिसते तेही सारे बोलून दाखवील, कळफलकावरच्या साध्या अक्षरांचा अर्थ बदलून टाकील आणि एका अडचणीत दुसरीची भर घालील. उलट, बोलला जाणारा शब्द त्याच क्षणी पडद्यावर उजळवणारे साधन कान आणि डोळा यांना एकत्र बांधते. मायक्रोसॉफ्टच्या ‘इमर्सिव्ह रीडर’मध्ये ही सोय आहे, शिवाय अक्षरांतले आणि ओळींतले अंतर वाढवणे व एका वेळी मोजक्याच ओळी दाखवून बाकीच्या झाकणे हेही त्यात करता येते. डेझी या पद्धतीच्या पुस्तकांत माणसाच्या आवाजातले ध्वनिमुद्रण आणि छापील मजकूर एकमेकांशी जुळवलेले असतात, तीही जरूर पाहावीत.

याच साधनाचा एक उपयोग सहसा सुचत नाही. मुलाने स्वतः लिहिलेला निबंध त्याला या आवाजात ऐकवा. सुटलेला शब्द, दोनदा आलेला शब्द डोळ्यांना चुकवतो, पण कानाला खटकतो आणि चूक त्याची त्याला सापडते. वाचन शिकवण्याचे जे विशेष प्रशिक्षण चालू असेल ते मात्र थांबवू नये, कारण आवाजाचे हे साधन त्या प्रशिक्षणाची जागा घेत नाही.

प्रश्न : लेख ऐकता यावेत म्हणून मी फोनमध्ये ‘टॉकबॅक’ सुरू केले. तेव्हापासून फोन बिघडला आहे. बोट लावले की तो बोलतो, पण काही उघडत नाही आणि पडदा सरकतही नाही.

उत्तर : फोन बिघडलेला नाही. टॉकबॅक हा स्क्रीन रीडर आहे आणि तो सुरू होताच स्पर्शाचा अर्थ बदलतो. न पाहणाऱ्याचे बोट पडद्यावर फिरताना चुकून काही उघडू नये, यासाठी पहिला स्पर्श केवळ ‘येथे काय आहे’ हे सांगतो आणि ती वस्तू उघडण्यासाठी लागोपाठ दोनदा टिचकी मारावी लागते. सरकवायचे असेल तर दोन बोटे वापरावीत. बहुतेक अँड्रॉइड फोनांवर आवाज कमीजास्त करण्याच्या दोन्ही कळा एकदम सुमारे तीन सेकंद दाबून धरल्या की टॉकबॅक बंद होते. तुम्हाला हवे आहे ते साधन त्याच सेटिंगच्या शेजारी ‘सिलेक्ट टू स्पीक’ या नावाने असते. त्यात तुम्ही जेवढा मजकूर दाखवाल तेवढाच वाचला जातो.

प्रश्न : आईची दृष्टी वयोमानाने हळूहळू कमी होत आहे. मधले काही दिसत नाही, कडेचे दिसते. तिने यांपैकी काय वापरावे?

उत्तर : तुमच्या वर्णनावरून मॅक्युलाचा, म्हणजे डोळ्याच्या आतल्या पडद्याच्या मध्यभागाचा, विकार असावा असे वाटते, पण ते ठरवणे नेत्रतज्ज्ञाचे काम आहे. साधनाबाबत सांगायचे तर आई सध्या या दोन टोकांच्या मध्ये उभ्या आहेत आणि मधल्या पायऱ्या बऱ्याच आहेत. अक्षर मोठे करणे, काळ्यावर पांढरे असा विरोध वाढवणे, विंडोजमधल्या भिंगासारखे ‘मॅग्निफायर’ वापरणे आणि त्यातली वाचून दाखवण्याची सोय सुरू करणे, या त्यांतल्या पहिल्या पायऱ्या होत. आयफोनवर ‘स्पीक स्क्रीन’ सुरू करून ठेवले तर पडद्याच्या वरच्या कडेपासून दोन बोटे खाली ओढताच समोरचे पान वाचले जाते. चिन्हे ओळखता येतात पण परिच्छेद वाचवत नाही, अशा माणसाला तेवढे पुरते.

त्यापुढे कधी जायचे, हे ठरवण्यासाठी आईला वाचता येते का असे न विचारता, तिला हवे ते स्वतः शोधून उघडता येते का, असे विचारावे. आलेला निरोप कोणाचा आहे हे ओळखायला, किंवा फोन उचलण्याचे बटण शोधायला त्यांना दुसऱ्याला हाक मारावी लागत असेल, तर मजकूर वाचून दाखवणारे साधन कितीही गोड बोलले तरी ती हाक थांबणार नाही. तेथून स्क्रीन रीडरची हद्द सुरू होते. २००९ साली आयफोन ३जीएसमध्ये ‘व्हॉइसओव्हर’ हा स्क्रीन रीडर आला तेव्हापासून सपाट काचेवरचा फोनही न पाहता वापरता येतो, परंतु त्यासाठीच्या बोटांच्या हालचाली अंगवळणी पडायला काही आठवडे लागतात. माझा आग्रह असा आहे की थोडेफार दिसते आहे तोवरच शिकायला सुरुवात करावी. चुकले तर पाहून सावरता येते, तेव्हा शिकणे जड जात नाही. सगळे अंधुक झाल्यावर तेच धडे भीतीपोटी घ्यावे लागतात. आज सगळा वेळ स्क्रीन रीडर वापरण्याची मात्र मुळीच गरज नाही. दिवसातून अर्धा तास, एखादे ओळखीचे काम तेवढे त्याच्या मदतीने करावे.

प्रश्न : आता इतके माणसासारखे आवाज उपलब्ध असताना स्क्रीन रीडर वापरणारे अनेक जण तो जुना, पत्र्यासारखा आवाज का पसंत करतात? आणि तो एवढ्या वेगाने ऐकून त्यांना काय कळते?

उत्तर : कळते, आणि नीट कळते. साधारण बोलण्याचा वेग मिनिटाला दीडशे शब्दांच्या आसपास असतो, तर सरावलेले स्क्रीन रीडर वापरणारे त्याच्या दुप्पट-तिप्पट वेगाने ऐकतात. वाचून दाखवणाऱ्या साधनाचा श्रोता कादंबरी किंवा लेख ऐकत असतो, म्हणून त्याला गोडवा हवा असतो. स्क्रीन रीडर वापरणारा दिवसभरात हजारो वेळा ‘दुवा’, ‘बटण’, ‘रिकामे’ असे तुकडे ऐकतो आणि त्याला हवी असते ती तत्परता.

हे आवाज घडवण्याच्या रीतीच वेगळ्या आहेत. ई-स्पीकसारखा जुन्या वळणाचा आवाज माणसाच्या बोलण्याचे ध्वनिमुद्रण कापून जोडत नाही. घशात आणि मुखात आवाज कसा घुमतो याच्या नियमांवरून तो बहुतेक ध्वनी गणिताने तयार करतो. त्यामुळे तो अगदी थोड्या जागेत मावतो, कळ दाबताच बोलतो आणि वेग कितीही वाढवला तरी त्याची व्यंजने एकमेकांत मिसळत नाहीत. माणसाचा आवाज कापून जोडलेल्या पद्धतीत गोडवा आला. २०१६ साली डीपमाइंड या कृत्रिम बुद्धिमत्तेवर काम करणाऱ्या कंपनीच्या ‘वेव्हनेट’ने दाखवलेल्या न्यूरल, म्हणजे यंत्राने नमुन्यांवरून स्वतः शिकण्याच्या, पद्धतीनंतर तो आवाज माणसापासून जवळजवळ ओळखू येईनासा झाला. पण असे बरेच आवाज पूर्ण वाक्य पाहून त्याचे चढउतार ठरवतात, काही तर इंटरनेटवरच्या दूरच्या संगणकावर तयार होतात, आणि मग कळ दाबणे व उत्तर येणे यांत क्षणभराची फट पडते. लेख ऐकताना ती फट जाणवत नाही. अर्जाच्या चाळीस रकान्यांतून टॅब मारत जाताना ती चाळीस वेळा जाणवते. सवयीचाही भाग आहेच. हॉकिंग यांना पुढे अधिक नैसर्गिक आवाज सहज मिळाला असता, पण त्यांनी १९८०च्या दशकातला आपला आवाज सोडला नाही, कारण तोवर तो त्यांचाच झाला होता.

याच संदर्भात शुद्धलेखनाचा मुद्दा येतो, जो आपल्या भाषेपुरता तरी मोठा आहे. ‘दिन’ आणि ‘दीन’ हे शब्द कोणताही आवाज जवळजवळ सारखेच उच्चारतो, त्यामुळे वाचून दाखवणाऱ्या साधनाच्या भरवशावर लिहिणाऱ्याला वेलांटी पहिली की दुसरी हे कधीच कळणार नाही. स्क्रीन रीडरमध्ये शब्दाच्या आत शिरून एकेक चिन्ह तपासता येते आणि ब्रेल पट्टीवर तर ती दोन चिन्हे बोटाखाली निराळीच लागतात. गोड आवाजाने अचूक लिहिता येत नाही, असे एका संपादकाने म्हणे एकदा ऐकवले होते. मला ते पटते.

प्रश्न : काही मराठी पीडीएफ दोन्ही साधने मुळीच वाचत नाहीत, काही वाचतात पण ते निरर्थक असते, आणि काही हिंदी उच्चारात वाचतात. दोष साधनाचा का?

उत्तर : तिन्ही ठिकाणी दोष कागदाचा आहे आणि तिन्हींची कारणे वेगवेगळी आहेत. जी मुळीच वाचली जात नाही ती पीडीएफ म्हणजे पानांची नुसती छायाचित्रे असतात. त्यांत अक्षरेच नसतात, म्हणून आधी अक्षर-ओळख करणाऱ्या, म्हणजे ओसीआरच्या सोयीतून ती न्यावी लागतात. निरर्थक वाचली जाणारी बहुधा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये, म्हणजे प्रत्येक लिपीच्या अक्षराला स्वतंत्र संकेत देणारी युनिकोड ही पद्धत रूढ होण्याआधीच्या फॉन्टमध्ये, टाइप केलेली असते. डोळ्यांना तेथे देवनागरी दिसते, पण फाइलमध्ये साठवलेली असतात रोमन अक्षरांची आणि चिन्हांची सांकेतिक क्रमवारी, आणि साधन प्रामाणिकपणे तीच वाचते. असा मजकूर युनिकोडमध्ये रूपांतरित करणे हाच त्यावरचा इलाज आहे.

तिसऱ्या प्रकारात मजकुरावर भाषेची खूण लावलेली नसते. मराठी आणि हिंदी यांची लिपी एकच असल्याने निव्वळ अक्षरांवरून भाषा ठरवणे साधनाला अवघड जाते आणि यंत्रात जो आवाज आधी निवडलेला असेल तो पुढे येतो. मग ‘चमचा’ आणि ‘जग’ यांतले आपले दंततालव्य उच्चार हरवतात. फाइल किंवा वेबपान तयार करणाऱ्याने भाषा ‘मराठी’ अशी नोंदवली आणि वाचकाच्या यंत्रात मराठी आवाज बसवलेला असला, तर भाषा बदलण्याची सोय असलेले स्क्रीन रीडर तो आवाज आपोआप निवडतात.

येथेही दोन साधनांत एक अंतर राहतेच. ओसीआर करून मिळालेला सलग मजकूर वाचून दाखवणाऱ्या साधनाला पुरतो. स्क्रीन रीडर वापरणाऱ्याला मात्र त्या पीडीएफमध्ये मथळे, याद्या, तक्त्यांचे स्तंभ आणि वाचनाचा क्रम यांच्या खुणा, म्हणजे टॅग, हवे असतात. त्या कशा असाव्यात याचे ‘पीडीएफ यूए’ नावाचे आंतरराष्ट्रीय मानक २०१२ सालापासून आहे. खुणांशिवायच्या तक्त्यात ‘४२’ हा आकडा ऐकू येतो, पण तो कोणाचा आणि कशाचा ते कळत नाही. खुणा असल्या की स्तंभाचे नाव आणि आकडा एकत्र ऐकू येतात. तुमच्याकडे मूळ वर्ड फाइल असेल तर पीडीएफ दुरुस्त करण्याच्या खटाटोपात न पडता त्या फाइलमध्ये मथळ्यांच्या शैली आणि भाषा नीट लावून नव्याने पीडीएफ काढा. वेळ कमी लागेल.